रुश्तू तांडेलाचा चाळिसावा

मुनिरेला पोहता येत नव्हतं. बोद्रुमच्या धक्क्यावर ही गोष्ट लहानथोरांना ठाऊक होती आणि तिला चिडवायला कुणालाही मुहूर्त लागत नसे. वीसेक उन्हाळे गलबतावर काढलेली बाई, पण घोट्याच्या वर पाणी चढलं की किंचाळायची. "अगं हळू! मासे पळून जातील, मग पाहुण्यांच्या पानात काय वाढशील?" रुश्तू म्हणायचा. रुश्तू म्हणजे तिचा नवरा, 'याकामोझ' गलबताचा तांडेल. तिचं उत्तर ठरलेलं असे. "मासे पळाले तर वांगी आहेत. वांगी पळत नाहीत, आणि बायकोला हसतही नाहीत."

ती मुळात मातीतली. बाप संत्र्यांच्या बागेत राबणारा. त्या भागात रीत अशी होती, की आतली काळी जमीन मुलग्यांना द्यायची आणि समुद्रालगतची खडकाळ, खारट पट्टी मुलींच्या नावे करायची. "काय पिकवणार तिथं? मीठ?" म्हणून मुनिरेचे भाऊ वाटणीच्या दिवशी पोट धरून हसले होते. पुढं काय झालं, तर परदेशी लोक त्याच खडकांवर उताणे पडून ऊन खायला आले. हॉटेलवाले त्या पट्ट्यांसाठी दारोदार फिरू लागले आणि भाऊ बहिणींकडं जेवायला जाऊ लागले. मुनिरेनं आपली पट्टी विकली. त्यातून 'याकामोझ' उभं राहिलं. दोन डोलकाठ्या, पाइनचं लाकूड, खाली पाहुण्यांच्या खोल्या, वर जेवायचं लांब मेज.

तोवर रुश्तू समुद्राच्या तळाशी जाऊन स्पंज कापून आणायचा. बापजाद्यांचा धंदा तो. मग एके वर्षी समुद्रातले स्पंज कुजायला लागले, कशानं ते कुणालाच कळलं नाही, आणि पाणबुडे बेकार झाले. रुश्तूनं माणसं फिरवायला सुरुवात केली. पहिल्या फेरीसाठी त्यानं डोंगराकडचा एक नावाजलेला आचारी ठेवला. वाऱ्याच्या पहिल्या झोताला तो भला माणूस कढईत ओकला आणि पुढच्या बंदरात उतरला तो परत आलाच नाही. रुश्तू घरी येऊन म्हणाला, "मुनिरे, एका फेरीपुरती चल."

त्या एका फेरीतच तिचं आयुष्य गेलं. मुलगा तहसिन डेकवर रांगला, डेकवरच पडून त्याचे दुधाचे दात तुटले. हेलकावणाऱ्या चुलीवर पातेलं तारेनं बांधून कालवण करायचं, लाट येताना चमचा उचलायचा, लाट गेल्यावर घालायचा, हे ती शिकली. फक्त पोहायला शिकली नाही.

एका बाबतीत मात्र ती सगळ्या खलाशांच्या पुढं होती. तिची आजी क्रीट बेटावरची. दोन देशांनी माणसांची अदलाबदल केली तेव्हा आजी जहाजात बसून इकडं आली. धर्मानं इकडची आणि जिभेनं तिकडची. मरेपर्यंत ती शिव्या तिकडच्याच भाषेत द्यायची. मुनिरेनं ती भाषा तिच्या मांडीवर उचलली. त्यामुळं पलीकडच्या बेटांवर गलबत लागलं, की रुश्तू खुणा करत बसे आणि मुनिरे भाजीवाल्याशी भांडून येई.

अशीच ती थेमेलिनाशी भांडली होती. कालिम्नोस बेटावर वाथी म्हणून एक खाडी आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधून पाण्याची चिंचोळी गल्ली, आणि गल्ली संपते तिथं संत्र्यांच्या बागा. धक्क्यावर थेमेलिनाची खाणावळ. पहिल्याच भेटीत द्राक्षाच्या पानांची गुंडाळी करंगळीएवढी करायची की अंगठ्याएवढी, यावरून दोघी हातघाईवर आल्या. त्यानंतर वाथीला नांगर टाकला नाही असा एकही उन्हाळा गेला नाही. "तुझी भाषा ऐकली की वाटतं," थेमेलिना म्हणायची, "माझी पणजी थडग्यातून उठून कांदे मागायला आलीय." मुनिरे म्हणायची, "पणजीला तरी चांगले कांदे दे. कालचे सडके होते."

गेल्या शरदातली शेवटची फेरी. मुनिरेनं तिला सांगितलं, की सुनेला दिवस गेलेत. थेमेलिनानं तिथंच तिला मिठी मारली आणि दम भरला, "बाळ झालं की पुढच्या खेपेला लोकमा तळून आणायचा. भरपूर आणायचा. सगळ्या धक्क्याला वाटायचा. रिकाम्या हातानं आलीस तर नांगर टाकू देणार नाही."

लोकमा म्हणजे आंबवलेल्या पिठाचे छोटे गोळे, तळून पाकात सोडलेले. पदार्थ दोन्ही किनाऱ्यांवर तोच. पण वाथीला तो वास सुटला की लोक विचारतात, कुणाकडं बारसं आहे? बोद्रुमला रस्त्यावर कढई चढली की लोक विचारतात, कोण गेलं? मुनिरेच्या हे ओठांवर आलं होतं. पण पोटातल्या बाळाच्या शेजारी मरणाचा शब्द कुठं काढायचा? म्हणून ती नुसती हसली आणि म्हणाली, "आणीन की."

त्या हिवाळ्यात दोन ओसाड खडकांवरून दोन्ही देशांच्या लढाऊ नौका समोरासमोर उभ्या राहिल्या. ज्या खडकांवर शेळ्यासुद्धा नाइलाजानं चरतात, त्यांच्यावर झेंडे लागले. पुढं ते निवळलं, पण एरवी हिवाळ्यात इकडून तिकडं जाणाऱ्या मच्छीमारांच्या होड्या त्या वर्षी घरीच बसल्या, आणि होड्यांबरोबर खुशालीही बसली. हिवाळा सरता सरता बाळ झालं. मुलगी. नाव ठेवलं नेहिर. रुश्तू तिला कोटाच्या आत घालून धक्क्यावर फिरवायचा आणि भेटेल त्याला सांगायचा, "माझी नवी खलाशी. पगार फक्त दूध."

आणि संत्र्याच्या बागा फुलल्या होत्या त्या दिवसांत, 'याकामोझ' किनाऱ्यावर ओढून टेकूंवर उभं केलेलं असताना, फळ्यांच्या फटींत कापूस ठोकता ठोकता रुश्तू थांबला. लाकडाच्या ओंडक्यावर बसला, चहा मागितला, साखरेचा दुसरा खडा मागितला. खडा घेऊन मुनिरे वळली, तेव्हा तो बसल्या जागी गेला होता.

फेऱ्या आधीच ठरलेल्या होत्या. पाहुण्यांनी निघायची तयारी केली होती. तहसिननं बापाचं सुकाणू हाती घेतलं, रुश्तूचा पुतण्या इल्हान खलाशी म्हणून होताच, आणि आचारी आयत्या वेळी कुठून आणणार? मुनिरेनं आपल्या सुऱ्या धार लावून पिशवीत भरल्या. अडचण एकच होती. चाळिसावा, म्हणजे मरणानंतरचा चाळिसावा दिवस, फेरीच्या मधोमध येत होता.

"तू जा," रुश्तूची बहीण सिदिका म्हणाली. "लोकमा मी घालते इथं, दारात."

"तुझा लोकमा त्यानं जिवंतपणी कधी तोंडात घातला नाही, सिदिका. आता मेल्यावर कशाला छळतेस?"

दोघी हसल्या. हसता हसता सिदिका रडली. मुनिरे रडली नाही. ती त्या दिवसापासून रडलेलीच नव्हती. ती मनात एकच गोष्ट धरून बसली होती. तेलाचा वास आपल्या हातून निघाला पाहिजे आणि खाणाऱ्यानं म्हटलं पाहिजे, 'देव त्याच्यावर दया करो.' घरच्यांनी म्हटलेलं मोजत नाहीत, असं आजी सांगायची. घरचे काय, म्हणणारच. परक्याच्या तोंडून ते त्या दिवशी निघालं पाहिजे. निदान एका तोंडातून. माणूस गेला याची ती पोच. त्याशिवाय तो ना इकडचा, ना तिकडचा.

चाळिसाव्याच्या दुपारी गलबत वाथीच्या खाडीत शिरलं. पाणी तळ्यासारखं स्थिर. मुनिरेनं सकाळीच पीठ भिजवून इंजिनाच्या खोलीत उबेला ठेवलं होतं. आता ते परातीच्या काठापर्यंत फुगून बुडबुडे सोडत होतं. नांगर पडल्याचा आवाज आला तशी तिनं कढई चढवली.

तहसिन जिना उतरून आला. "आई, करतेस म्हणजे करतेसच?"

"नांगर पडलाय. तेल हलणार नाही."

"तेलाचं नाही म्हणत मी." तो आवाज खाली आणून बोलला. "एजन्सीवाल्यानं मला बजावलंय. काळे कपडे नकोत, रडारड नको. लोक सुट्टीवर येतात."

"मी रडले?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"काळं घातलंय?"

"नाही."

"मग तुझ्या एजन्सीवाल्याला माझा सलाम सांग आणि तो साखरेचा डबा इकडं दे."

त्यानं डबा दिला. "कर. पण कशाचं आहे ते त्यांना सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

"न सांगता ते त्याच्या नावानं बोलतील कसे, तहसिन?"

"कुठली जर्मन बाई बाबांच्या नावानं दुवा मागणार आहे, आई? तिला बाबा होते हेही ठाऊक नाही. तिच्या लेखी मीच तांडेल." तो वळून वर निघून गेला.

मुनिरेनं डाव्या मुठीत पीठ घेतलं. मूठ आवळली की अंगठ्याशी गोळा वर येतो, तो तेलात बुडवलेल्या चमच्यानं उचलायचा आणि सोडायचा. गोळे तळाशी जाऊन वर आले, फुगले, आपोआप उलटले. वास भटारखान्यातून वर गेला, शिडांच्या दोरांतून फिरला. ती मनात रुश्तूला म्हणाली, 'घे. आला ना वास?'

पाहुणे मेजाशी जमले. आठ जर्मन माणसं, उन्हानं लाल झालेली, मनानं चांगली. त्यांच्यातली इंगे नावाची उंच, पांढऱ्या केसांची बाई पहिल्या दिवसापासून मुनिरेला 'आई' म्हणायची, मुनिरेच्या भाषेतला तेवढाच शब्द तिला येत होता. मुनिरेनं ताटं मांडली आणि हात पुसत तिथंच उभी राहिली. एरवी ती वाढून खाली जात असे.

इंगेनं पहिला गोळा तोंडात टाकला. डोळे मिटले. पाक हनुवटीवर ओघळला. सगळे हसले, मग सगळ्यांच्याच हनुवट्या ओघळल्या. कुणी टाळ्या वाजवल्या. कुणी तहसिनला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" मुनिरेनं विचारलं.

"यावर आइस्क्रीम मिळेल का, म्हणतात."

"आणखी?"

"आणखी काही नाही, आई."

इंगे उठली. तिनं मुनिरेला हाताला धरून ताटाशेजारी उभं केलं, तिच्या खांद्यावर हात टाकला आणि नवऱ्याला फोटो काढायला सांगितलं. तिचा हात जड आणि प्रेमाचा होता. मुनिरे कॅमेऱ्याकडं बघून हसली. तो फोटो आजही जर्मनीतल्या कुठल्यातरी घरात असेल. त्यात एक विधवा नवऱ्याच्या चाळिसाव्याचं ताट धरून हसते आहे.

ती खाली आली. उरलेलं सगळं पीठ तिनं तळलं, पाकात घोळवलं आणि मोठ्या तांब्याच्या पातेल्यात भरलं. "इल्हान, होडी सोड. थेमेलिनाकडं जायचंय."

"मी येऊ सोबत, काकू?"

"नको. मला पोचव आणि परत जा. तहसिनला एकटा ठेवू नकोस."

धक्क्यावर थेमेलिना आधीच उभी होती. पातेलं दिसलं मात्र, तिनं कमरेवरचे हात वर फेकले. "आणलास! सखे, आणलास! मला वास केव्हाचा येतोय. झालं ना बाळ?"

मुनिरे होडीतून वर चढत होती, एक पाय पायरीवर, एक हात पातेल्याला. तिनं खरं तेच उत्तर दिलं. "झालं."

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"नाव?"

"नेहिर."

बस्स, एवढंच. इतक्यात पातेलं थेमेलिनाच्या हातात गेलं होतं आणि ती खाणावळीच्या दारातून ओरडत आत शिरली होती. "अरे उठा, खादाडांनो! रुश्तूला नात झाली! पत्ते बाजूला ठेव, मिकेस, नाहीतरी हरतोच आहेस. तोंड गोड करा!"

आत दहा-बारा माणसं होती. म्हातारे पाणबुडे, दोन-तीन मच्छीमार. रुश्तूला सगळे ओळखत होते. हा मिकेस तर तरुणपणी त्याच्यासारखाच तळाशी जाणारा. आता एक पाय ओढत चालायचा. त्यानं एकदम दोन गोळे तोंडात भरले आणि मुनिरेकडं बघून हात उंचावला. "नातीला शंभर वर्षं! आणि त्या खोकडाला शंभरावर दहा! लग्नात नाचला पाहिजे तो तिच्या."

"रुश्तू आणि नाच?" दुसरा म्हणाला. "अरे, डेकवर चालतानासुद्धा तो स्वतःच्याच पायात अडखळतो."

"तुझ्यापेक्षा बरा चालतो. गेल्या वर्षी तू स्वतःच्या होडीतून स्वतःच्या जाळ्यात पडलास."

"तेव्हा मला बाहेर कुणी ओढलं? रुश्तूनंच ना! आणि बाहेर काढल्यावर खुणांनी काय म्हणाला? 'हा फार लहान आहे, परत सोडून द्या.'"

खाणावळ हास्यानं भरली. ग्लास एकमेकांना लागले. रुश्तूच्या नावानं, रुश्तूच्या तब्येतीसाठी, रुश्तूच्या म्हातारपणाच्या नावानं. एका मच्छीमारानं पोरांसाठी कागदात भरून घेतलं आणि जाता जाता मुनिरेला म्हणाला, "त्याला सांगा, यंदा पैज राहिलीय आमची."

मुनिरे भिंतीला टेकून उभी होती. तिनं बोलायला हवं होतं. 'झालं' म्हटलं त्याच श्वासात बोलायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण मधल्या इतक्या दिवसांत तिनं रुश्तूचं नाव असं ऐकलं नव्हतं. बोद्रुमला लोक त्याचं नाव घेताना आवाज उतरवायचे, नजर खाली करायचे. इथं त्याला शिव्या मिळत होत्या. इथं त्याच्याबरोबर पैज लावलेली होती, त्याला लग्नात नाचायचं होतं. या चार भिंतींत तो अजून होता, आणि बाहेर कुठंही नव्हता. थोडा वेळ, ती मनाशी म्हणाली. आणखी थोडा वेळ.

"आणि आजोबा कुठं लपलाय?" थेमेलिनानं एप्रनला हात पुसले. "लाजतोय होय? थांब, त्याला आणतेच."

मुनिरे काही म्हणेपर्यंत ती धक्क्याच्या टोकाला पोचली होती. तिनं तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि खाडीवर हाक घातली.

"रुश्तू! ए रुश्तू!"

वाथीचे कडे असे, की एक हाक तिथं एक राहत नाही. ती या कड्यावरून त्या कड्यावर गेली आणि परत आली. रुश्तू... श्तू... गलबताच्या मागच्या बाजूला कुणीतरी बसलं होतं, ते ताडकन उठून उभं राहिलं. रुंद खांदे, किंचित पुढं झुकलेली मान. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, कुठून हाक येते ते कळत नसल्यासारखं.

"तो बघ, उठला! ऐकू आलंय आणि सोंग करतोय. रुश्तू! अरे, नात झाली म्हणून पाय जड झाले काय? ये इकडं!"

"थेमेलिना, नको."

"का नको? रुश्तू!"

"तो तहसिन आहे."

"मग रुश्तूला उठव म्हणावं. झोपलाय का?"

मुनिरेनं तिचे तोंडाभोवतीचे हात धरले आणि खाली ओढले. "लोकमा नेहिरचा नाही," ती म्हणाली. "आमच्याकडं बाळासाठी करत नाहीत. आज रुश्तूचा चाळिसावा आहे."

थेमेलिनाच्याही गावात चाळिसावा पाळतात. मेलेल्याच्या नावानं गहू शिजवून, साखर घालून वाटतात, आणि खाणारा म्हणतो, 'देव त्याला क्षमा करो.' त्यामुळं थेमेलिनाला पुढचं काही सांगावं लागलं नाही. तिचे हात मुनिरेच्या हातांत तसेच राहिले. खाडीत तिची शेवटची हाक अजून कुठंतरी आपटत होती.

"मग मला बोलू का दिलंस?" ती रागावली. खरंच रागावली, चेहरा लाल झाला. "शंभर वर्षं म्हणाले ते! मेलेल्या माणसाला! आणि मी वेडी नाचतेय, हाका मारतेय त्याच्या पोराच्या देखत. का गप्प बसलीस तू?"

"तुम्ही त्याच्याशी बोलत होतात," मुनिरे म्हणाली. "मला ऐकायचं होतं."

थेमेलिनानं डोक्यावरचा रुमाल ओढून घेतला आणि त्याच्यात तोंड खुपसलं. मग नाक पुसलं. "काय म्हणतात तुमच्यात? खाणाऱ्यानं काय म्हणायचं?"

"तुम्ही म्हणता तेच. थोडं वेगळं, पण तेच."

"बरेच जण खाऊन बसले गं."

"असू देत. एकानं म्हटलं तरी चालतं."

थेमेलिना आत गेली. मुनिरे दारात थांबली. आत अजून हसणं चाललं होतं. थेमेलिनानं रेडिओ बंद केला, दोन वाक्यं बोलली. मोठ्यानं नाही. पत्ते टेबलावर पडल्याचा आवाज आला. मिकेसच्या गालात एक गोळा होता. तो त्याला ना गिळता येईना, ना थुंकता येईना. म्हातारा तसाच भरल्या तोंडानं मुनिरेकडं बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. मग त्यानं तो गिळला. खुर्चीच्या पाठीला धरून, पाय ओढत, उभा राहिला. बाकीचेही उठले. कुणीतरी टोपी काढली.

"देव त्याला क्षमा करो," मिकेस म्हणाला.

"देव त्याला क्षमा करो," दुसरा म्हणाला, जाळ्यात पडलेला. मग तिसरा. मग सगळे, एकामागून एक, खाली मान घालून, उतरलेल्या आवाजात.

बोद्रुमहून निघाल्यापासून मुनिरेला हेच हवं होतं. परकी तोंडं, परकी माणसं, त्याच दिवशी. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल. पण प्रत्येक तोंडागणिक तिला दिसत होतं, रुश्तू त्या खोलीतून उठून चाललाय. मघाशी तो या टेबलाशी होता, पैज लावून बसला होता. आता त्याची खुर्ची रिकामी झाली. तिला वाटलं, पुढं होऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवावा. 'थांबा,' म्हणावं, 'अजून म्हणू नका. मघाचंच बोला ना. शिव्या द्या त्याला.' तिनं दाराची चौकट धरली. तिच्या घशातून आवाज फुटला. पायाला पाणी लागल्यावर फुटायचा तसाच. मग ती चौकटीशी खाली बसली. थेमेलिना तिच्याशेजारी येऊन बसली आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. बराच वेळ खाणावळीतून कुणी बाहेर पडलं नाही, कारण दारातच दोघी बसल्या होत्या.

संध्याकाळी ऊन कड्यांच्या माथ्यावरच उरलं तेव्हा मिकेसनं तिला आपल्या होडीतून गलबतावर सोडलं. पातेलं रिकामं होतं. थेमेलिनानं ते घासून, पुसून दिलं होतं.

तहसिन डेकच्या कठड्याशी उभा होता. त्यानं हात देऊन आईला वर घेतलं. पाहुणे खाली कपडे बदलत होते, कुणीतरी गुणगुणत होतं. त्यानं तिचा सुजलेला चेहरा पाहिला आणि तोंड दुसरीकडं वळवलं.

"आई," तो म्हणाला, "बाबांना हाका कोण मारत होतं?"

"थेमेलिना."

"तिला ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं."

"मग तू सांगितलंस?"

"सांगितलं."

तो कड्यांकडं बघत होता. पाण्यावर आता कुठलाच आवाज नव्हता.

"मग?"

"मग थांबली," मुनिरे म्हणाली, आणि पाहुण्यांच्या जेवणाची वांगी भाजायला खाली गेली.